मी माझ्या पायानं गेले

छत्रपती संभाजीनगर,
रथसप्तमीच्या आधीचा बुधवार

प्रिय गौहर,

तुला द्वारकेचा रामराम आणि सलाम, दोन्ही घे. अदीबा बेटा, हे पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्या दादीला मराठी अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग दिसते. तर आधी दार लोटून घे, मग दादीच्या डाव्या बाजूला बस आणि मोठ्यानं वाच. तिचा उजवा कान गेलाय, माझा डावा. दोघी मिळून एक धड म्हातारी होते. तिसरीपर्यंतची शाळा आहे माझी, वेलांट्या इकडच्या तिकडं झाल्या असतील तर हसायचं नाही. आणि फोन का केला नाही म्हणशील, तर फोन तुझ्या अब्बाच्या, जहांगीरच्या, हातात, तो टाकणार स्पीकरवर, आणि तुमच्या घराला लागून आमच्या काकासाहेबदादाचं घर. लोकांच्या भिंतीला कान असतात, तुमच्या भिंतीला तर माझ्या भावाचे कान आहेत.

गौहर, माझी खबर तुझ्यापर्यंत आली असणारच. गावात तमाम मोबाइलवर मी फिरतेय म्हणतात. द्वारकाबाई म्हातारपणी चळली, हजारो पोरांच्या गर्दीत उभी राहून आरोळ्या ठोकत होती. ते खरं आहे. आरोळ्या ठोकल्या आणि चांगल्या ठोकल्या. पण दादानं त्याच्यापुढं एक शेपूट जोडलंय, की श्रेयानं आजीला फसवून नेलं, पोरगी हाताबाहेर गेली, तिचं कॉलेज बंद करून घरी बसवा. ते मात्र झूट आहे. म्हणून तुला पहिल्यापासून सांगते. चहा ठेवायला सांग कुणाला तरी, लांबणार आहे.

आमची श्रेया, माझ्या विश्वजीतची मुलगी, इंजिनेरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथल्या स्टेडियमवर कुठल्याशा मोठ्या बँडचा कार्यक्रम येणार म्हणून पोरगी संक्रांतीच्या आधीपासून हवेत चालत होती. तिकिटं दोन, एक तिचं आणि एक तिच्या मैत्रिणीचं, मोनिकाचं. ऐन दिवशी मोनिकाला कांजण्या निघाल्या. विश्वजीत म्हणाला, एकटी जायचं नाही, घरातलं मोठं माणूस बरोबर असंल तरच जा. त्याला वाटलं, कोण जातंय? सूनबाईला दवाखान्यात ड्यूटी, त्याला स्वतःला दुकान. संपला विषय. मी गॅलरीत उन्हाला बसून तुरीची डाळ निवडत होते. श्रेया आली आणि नेमकी माझ्या डाव्या कानाशी वाकून म्हणाली, आजी, रॉकला येतीस का, बाबा म्हणतात मोठं माणूस पाहिजे.

आणि मला ऐकू आलं, राखायला येतीस का!

आता तूच सांग, माझं काय चुकलं? ज्वारी चिकात आलेली. माझ्या धाकट्यानं, शिवराजनं, बिडकीनकडं कंपन्यांत जमीन जाऊन उरलेल्या तुकड्यात यंदा ज्वारीच पेरलीय आणि चिमण्यांनी कणसं साफ केली म्हणून रोज फोनवर रडतोय. अशा दिवसांत राखायला म्हणलं तर माणसाच्या डोक्यात दुसरं काय येईल? मी म्हणलं, येते की, एका पायावर येते! पोरगी माझ्या गळ्यातच पडली. मला भरून आलं. म्हणलं, शहरात वाढलेली लेक, पण शेताची ओढ आहे बघ. मी उठले, चार भाकरी टाकल्या, ठेचा कुटला, दोन कांदे घेतले. ट्रंकेच्या तळाशी माझी गोफण होती, अंबाडीच्या वाखाची, ती झटकून पिशवीत घातली. गोटे काय, शेतात मिळतील म्हणून घेतले नाहीत. अल्लानं आणि विठोबानं मिळून मला तेवढी अक्कल दिली, नाहीतर आज हे पत्र तुला पोलीस ठाण्यातून आलं असतं.

रिक्षा क्रांती चौकात आली आणि बिडकीनचा रस्ता सोडून भलतीकडं वळली. मी म्हणलं असंल नवा रस्ता, हल्ली रोज एक काढतात. पुढं बघते तर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पोरं-पोरीच पोरं-पोरी, सगळ्यांच्या अंगात काळे बनियन. एकाच्या छातीवर कवटी, एकीचे केस पोपटासारखे हिरवे. मला वाटलं कुणाच्या मयताला निघालेत, पण मयताला कुणी असं हसत जात नाही. मग वाटलं, एवढी माणसं राखणीला? यंदा पाखरं लईच झाली वाटतं.

गेटावर रांगा. बायकांची रांग निराळी. तिथल्या पहारेकरी बाईनं माझी पिशवी उघडली. भाकरी बाहेर, ठेचा बाहेर, मग गोफण बाहेर. ती दोन बोटांत धरून तिनं विचारलं, मावशी, हे काय आहे? मी म्हणलं, गोफण. कशाला? पाखरं हाणायला. त्या बाईनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं साहेबाला बोलावलं. साहेब तरणा, त्यानं आयुष्यात गोफण बघितली नव्हती. मला म्हणतो, आजी, हे हत्यारात येतं. मी म्हणलं, लेकरा, तुझ्या आज्याला विचार, याच्यात काय येतं आणि काय जातं. मागची रांग खदाखदा हसायला लागली आणि श्रेया पांढरीफटक पडली. म्हणाली, आजी, तू गोफण कशाला आणलीस? मी म्हणलं, अगं राखायला चाललोय ना आपण?

गौहर, पोरीचा चेहरा तू बघायला पाहिजे होता. आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा हसावं का रडावं तेच सुचेना. तिनं मला रांगेतून बाजूला घेतलं, चांगल्या कानाशी तोंड आणलं आणि सगळं समजावून सांगितलं. की आजी, हे गाण्याचं आहे, लई मोठा आवाज असतो, उभं राहायला लागतं, धक्के बसतात, मी रॉक म्हणले होते, तुला चुकीचं ऐकू आलं, माझीच चूक, मी नीट सांगायला पाहिजे होतं. डोळ्यांत पाणी. म्हणाली, चल आजी, आपण घरी जाऊ, मला नाही बघायचं. तिनं खरंच रिक्षाला हात केला. हे नीट ऐक गौहर, कारण सगळं भांडण इथंच आहे. पोरगी एवढे दिवस जीव टाकून बसली होती त्या गाण्यासाठी, आणि माझ्यासाठी ती मागं फिरली. तिनं रिक्षा थांबवली. नको म्हणले ती मी.

का म्हणले? आत कुणीतरी वाद्यं लावून बघत होतं. एकच ठोका पडला, धाड्. माझ्या पायाखालची फरशी हलली. आणि मी म्हणलं, लुगडं बदलून, भाकरी बांधून निघालेली बाई तशीच मागं फिरत नसते. जा त्या रिक्षावाल्याला वाटंला लाव. भाकरी आत नेता येत नव्हती, म्हणून तिथंच गेटापाशी उभ्यानं खाल्ली. हिरव्या केसांच्या पोरीला अर्धी दिली. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून धार लागली, तरी बोटं चाटत होती. गोफण साहेबानं टोपलीत ठेवून घेतली, तिथं अत्तराच्या बाटल्या आणि सिगारेटी पेटवायची यंत्रं पडली होती त्यांच्यात. जाताना परत दिली, मानानं.

आतलं काय सांगू! आपला उरूस असतो ना, तसे कितीतरी उरूस एका ठिकाणी ओतले तरी एवढी माणसं व्हायची नाहीत. आणि धक्का लागला की पोरं वळून सॉरी आजी म्हणतात. आपल्याकडं एसटीत चढताना कुणी म्हणलंय का? आमच्या शेजारी जालन्याची एक बाई होती, आशाबाई, चाळिशीची, सूनबाईसारखीच दवाखान्यात कामाला. साडीवरनं काळा बनियन चढवलेला. घरी सांगून आलेली की मैत्रिणीच्या लेकीच्या डोहाळजेवणाला चालले. पिशवीत खणाचं पाकीट सुद्धा ठेवलं होतं, सासूनं उघडून बघितलं तर असावं म्हणून. तिला प्रत्येक गाण्याचा शब्द न् शब्द पाठ. म्हणाली, लग्नाच्या आधीपासून ऐकतेय मावशी, सासरी एक कान मोकळा ठेवून दुसऱ्या कानात वायर घालून भांडी घासताना ऐकलं, आज दोन्ही कानांनी ऐकणार. आणि पहिलं गाणं सुरू झालं तशी ढसाढसा रडायला लागली. मी तिला माझी दस्ती दिली. रडता रडता नाचत होती. असं रडणं मी आधी बघितलं नव्हतं.

आवाज कानात पडला नाही ग, बरगड्यांत पडला. माझ्या डाव्या कानानं सुद्धा ऐकलं! गाणारा काही पोरगा नव्हता, दाढी पांढरी झालेली, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या. निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, मला दहातला एक शब्द कळला असंल. नरडं फाडून ओरडत होता पण रागानं नाही. तुला आठवतं का, आपण राखणीच्या माळ्यावर, मचाणावर, उभ्या राहून ओरडायचो तेव्हा पाखरांवर राग कुठं असायचा? तुमच्या शेतात तुझा माळा, आमच्या शेतात माझा, मधी एक बांध. तू हाक टाकली की तुझी पाखरं माझ्याकडं, मी टाकली की परत तुझ्याकडं. चिमण्यांची नुसती ये-जा. तुझे अब्बा म्हणायचे, या दोन पोरींच्या नरड्यात देवानं ताशा बसवलाय. आणि मग आपण तेरा-चौदाच्या झालो आणि एक दिवस दोन्ही माळे उतरवले. वयात आलेल्या पोरीचा आवाज सडकेला जाऊ नये म्हणून. तेव्हापासून मी मोठ्यानं बोलले ती फक्त शेरडांशी.

तर तिथं काय झालं, तो गाणारा एकदम थांबला. सगळी वाद्यं बंद. त्यानं हात कानाला लावला, म्हणजे आता तुम्ही ओरडा. पोरं हो हो करून ओरडली आणि दम खायला थांबली. त्या मधल्या शांततेत, गौहर, माझ्या पोटातून ती आली. मी आणली नाही, तीच आली. हाऽऽऽर्र हाऽऽऽ! पुरी, वरच्या पट्टीतली, शेवटाला वळण घेणारी, तुझी-माझी. आजूबाजूला माणसं दचकून बघायला लागली. श्रेयानं तोंडावर हात ठेवला. मग आशाबाईनं ओरडून बघितलं, तिला वळण जमलं नाही. मग हिरव्या केसांची, मग तिच्या मागची, आणि लाट गेल्यासारखी ती हाक पुढं पुढं गेली. स्टेजवरच्या माणसानं ऐकली. त्यानं माइकमधून ती जशीच्या तशी टाकली, आणि परत कान केला. अगं, सगळं मैदान! हाऽऽऽर्र हाऽऽऽ! तिथं पाखरू असतं तर पैठणच्या पलीकडं जाऊन पडलं असतं. कॅमेरेवाल्यानं मला शोधलं आणि मी भल्याथोरल्या पडद्यावर आले, दुमजली इमारतीएवढी. मी काय केलं? जन्माची सवय, पटकन डोक्यावर पदर घेतला. पदर घेतला आणि पुन्हा हाक टाकली. लोकांनी तेच तर मोबाइलवर पकडलंय.

घरी आल्यावर मी हसत हसत सगळ्यांना सांगितलं, रॉकचं राखायला कसं झालं, गोफण कशी पकडली. विश्वजीत पोट धरून हसला. सूनबाई म्हणाली, सासूबाई, आता तुम्हाला बनियन घेऊ. चार दिवस घर खुशीत होतं. मग कुणीतरी ते गावात पाठवलं आणि रविवारी दादा आला.

पांढरे कपडे, काठी, चहाला हात नाही लावला. म्हणाला, कुंकू गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं पोरांत आरोळ्या ठोकायच्या? मला पाराजवळून मान खाली घालून जावं लागतं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, पण तुझा दोष नाही द्वारके. मला विश्वजीतकडून कळलंय, तुला शेतात नेते म्हणून नेलं. सगळ्यांसमोर एवढंच म्हण, की मला पोरीनं फसवून नेलं. तुझी इज्जत राहील, माझी राहील. पोरीचं काय करायचं ते आम्ही बघतो, कॉलेजात हेच शिकतात तर कॉलेज पुरे झालं. आणि विश्वजीत, माझा लेक, चाळिशी उलटलेला बाप्या, मामापुढं शाळकरी पोरासारखा उभा. मला म्हणतो, आई, तू चुकूनच गेली होतीस ना? तूच सांगितलंस की आम्हाला. तेवढं म्हण, खोटं तर नाही ना ते.

बघ कसं असतं. माझंच हसणं माझ्याच नातीच्या गळ्याला फास म्हणून आणलं. श्रेया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं म्हणायला पाहिजे होतं की मी रिक्षा थांबवली होती, आजीच नको म्हणाली. म्हणाली नाही. मला उघडं पाडायचं नव्हतं तिला.

मी उठून उभी राहिले. म्हणलं, दादा, घरातनं निघाले ती चुकून निघाले. गेटातनं आत गेले ती माझ्या पायानं गेले, सगळं समजून गेले. पोरगी मला परत आणत होती, मीच आले नाही. फसवलं कुणी नाही, फितवलं असंल तर मी तिला फितवलं. दादा काठी आपटून म्हणाला, लाज कशी वाटत नाही अशी आरोळी मारायला? तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हणलं, दादा, तू माळ्याखाली घोंगडी टाकून घोरायचास आणि वर उभी राहून मी ओरडायचे. तुझ्या ताटातली भाकर ह्याच आरोळीनं वाचवलेली. तेव्हा गोड लागली, आता लाज वाटते व्हय?

सूनबाईनं हळूच फ्रिजकडं तोंड केलं, तिला हसू आलं होतं. दादा उठला. दारात जाऊन म्हणाला, मग माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. तुझं माहेर संपलं. मला रडू आलं, तुला काय लपवू? आई-बाप गेल्यावर भाऊ म्हणजेच माहेर, हे आपण दोघी जात्यावर बसायच्या आधी शिकलो. पण मी शब्द मागं घेतला नाही, अजून घेतलेला नाही आणि घेणार नाही. सोमवारी सकाळी विश्वजीतनं गाडी काढली आणि श्रेयाला कॉलेजच्या दारात सोडून आला. जाताना पोरीनं माझा चांगला कान ओढला. बस्स. मला तेवढं पुरलं.

आता पत्र लिहायचं खरं कारण. गावचा उरूस तोंडावर आलाय. दरसाल मी दादाकडं उतरते आणि दिवसभर तुझ्याकडं असते. यंदा उतरायला घर नाही. दादानं लोकांना सांगितलंय म्हणे, की द्वारका यंदा येणार नाही, तब्येत बरी नाही. तर गौहर, माझी तब्येत उत्तम आहे आणि मी येणार आहे. तुझ्याकडं उतरणार आहे, श्रेयाला घेऊन, चांगले आठ दिवस. जहांगीरला विचार. शेजाऱ्याशी वाकडं नको असं त्याचं म्हणणं असंल तर अदीबाकडून दोन ओळी पाठव, मी राग धरणार नाही, दर्ग्याच्या धर्मशाळेत राहीन. पण उरुसाला येईन. स्टँडवर उतरले की मागच्या बोळातनं यायचं नाही असं ठरवलंय. पारावरून येईन, दादाच्या दारावरून येईन, दुपारच्या चांगल्या उजेडात, सगळे ओट्यावर बसलेले असताना. कुणी विचारलं, द्वारकाबाई कुणीकडं, तर थांबून, मोठ्यानं सांगीन, माहेराला आलेय, गौहरकडं. तू फक्त दार उघडं ठेव.

तुझीच,
द्वारका